चित्रात तीन, डब्यात एक : लाकडी प्राणिसंग्रहालयाचा खेळसंच

चांगलं आधी सांगते, कारण या संचात चांगलं बरंच आहे. प्राणी भरीव लाकडाचे आहेत. कडा नीट घासलेल्या, कुसळ लागत नाही. रंग चोखून उतरत नाही, आणि ही चाचणी आमच्याकडे रोज सकाळी आपोआप होते. लालबागला एका मंडळाच्या खोलीत मी बालवर्ग चालवते. मुलं तीन ते पाच वर्षांची, त्यामुळे जे हातात येतं ते आधी तोंडात जातं. डब्यावर आयएसआय चिन्ह आहे. २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं झालंय, तरी बाजारात विनाचिन्हाचा माल सर्रास दिसतो, म्हणून मुद्दाम नोंदवते. किंमत १,८५० रुपये. बालवर्गाच्या खिशाला जड, पण प्लॅस्टिकचे प्राणी दर जूनला नवे आणावे लागतात, त्यापेक्षा हे परवडेल असा हिशेब केला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्याचे संच तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि माझं भांडण एका कंपनीशी नाहीच.

आत काय मिळतं? सिंह-सिंहीण, दोन वाघ, दोन जिराफ, दोन झेब्रे, तीन माकडं, चार पेंग्विन, पाणघोडा, मगर आणि एक हत्ती. शिवाय कुंपणाच्या पट्ट्या, तिकीटखिडकी, एक जीप, निळ्या टोपीचा एक रखवालदार. हे सगळं मांडायला एक मोठा पाट, त्यात प्रत्येकाच्या पिंजऱ्याची जागा खाचा पाडून ठरवून दिलेली.

डब्यावरच्या चित्रात मात्र हत्ती तीन आहेत. दोन मोठे आणि एक पिल्लू, आईच्या पोटाखाली शिरलेलं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ते इथं हत्तीच्याच बाबतीत खरं व्हावं हे बाकी छान जमलंय.

आता हा हत्ती जरा जवळून बघा. कान आफ्रिकेतले, पाठीवरची झूल म्हैसूरच्या दसऱ्यातली. सुळे आहेत, म्हणजे आशियाई समजायचा तर हा नर, कारण आपल्याकडच्या हत्तिणींचे सुळे बाहेर दिसतील एवढे वाढत नाहीत. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात. ठीक आहे, चार वर्षांच्या मुलाला एवढा काटेकोरपणा नको. पण पाटावरची त्याची जागा बघा. लांबीला वीतभर आणि रुंदीला पोटापेक्षा बोटभर जास्त. आत उभा केला की सोंड फाटकाच्या पट्टीवरून बाहेर येते. वळवायचा तर उचलूनच वळवावा लागतो. पाटात त्या जागी एक खुंटी ठोकलेली आहे आणि हत्तीच्या मागच्या पायाला खालून भोक आहे. खुंटीवर बसवला की तो पडत नाही. दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला खुंटी नाही. वाघांच्या जागेत झाड आणि तळं रंगवलंय, पेंग्विनांना निळा बर्फ, माकडांना फांद्या. हत्तीच्या जागेला नुसता राखाडी रंग. म्हणजे सिमेंट. ज्यानं हे आखलं त्यानं खरी प्राणिसंग्रहालयं बारकाईनं पाहिलेली असणार, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाहीये.

पहिली अडचण व्यवहारातली आली. वर्गात सगळ्यांना हत्ती हवा. सिंह दोन असले की दोघं खेळतात, आई-बाबा होतात, एकमेकांना डबा देतात. पेंग्विनांची तर शाळाच भरते, रांग, प्रार्थना, सगळं. हत्ती ज्याच्या हातात असतो तो मात्र एकटाच खेळतो आणि बाकीचे त्याच्या हातातून ओढायला टपलेले. एका ओढाओढीत डावा कान तुटला. फेविकॉलनं चिकटवला, अजून टिकलाय.

दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. आमच्यातला एक मुलगा उन्हाळ्यात गावी गेला होता आणि देवळापुढं बांधलेला हत्ती पाहून आला होता. त्यानं लाकडी हत्ती दोन्ही हातांत धरला आणि डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं असा हलवायला लागला. बराच वेळ. लय अजिबात न चुकवता. मी विचारलं, “काय करतोय रे हत्ती?” म्हणाला, “नाचतोय. तिथला पण असाच नाचत होता ताई, थांबतच नव्हता.” बाकीच्यांनी लगेच टाळ्यांचा ठेका धरला. लालबागची मुलं ती, ठेका त्यांना शिकवावा लागत नाही.

आता त्याला काय सांगणार? त्यानं जे पाहिलं ते हुबेहूब करून दाखवलं होतं. पुढचा पाय किंचित उचलायचा, वजन दुसऱ्या बाजूला टाकायचं, मान झोकायची आणि परत. साखळीनं बांधलेल्या, एकट्या ठेवलेल्या हत्तीत हे झुलणं तासन् तास चालतं. रानातल्या हत्तीत ते दिसत नाही, कारण त्याला तेवढी फुरसतच नसते. दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा लागतो, तो शोधण्यात आणि चालण्यात त्याचा बहुतेक वेळ जातो. चारा पुढ्यात आणून टाकला की पोट भरतं, पण उरलेल्या वेळाचं करायचं काय? तो वेळ सिमेंटवर उभं राहून काढायचा. मग तळवे फुटतात, नखं वाढतात, सांधे धरतात. बंदिवासातल्या हत्तींचा घात मोठ्या प्रमाणात पायांच्या आजारांनी आणि संधिवातानं होतो. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ब्रह्मदेशात लाकूड ओढण्याच्या कामावर असलेल्या हत्तिणींचं मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या वयापुढं निम्म्या हत्तिणी जगल्या ते वय, ४१.७ वर्षं निघालं आणि युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचं १८.९. म्हणजे ओंडके ओढणाऱ्या हत्तिणी दुपटीहून जास्त जगत होत्या. त्यांना कष्ट होते, पण चालणं होतं, रात्री रानात चरायला सोडत आणि सोबतीला दुसऱ्या हत्तिणी होत्या.

सोबत हा इथं वरवरचा लाड नाही. हत्तिणींचा कळप म्हणजे आजी, तिच्या लेकी, नाती, मावश्या आणि सगळ्यांची पोरं. पुढं आजी. पाणी कुठं, रस्ता कुठला, कशाला भ्यायचं, हे तिला ठाऊक. पिल्लू जवळजवळ बावीस महिन्यांनी जन्मतं आणि आईइतकंच मावश्यांच्या पायांत वाढतं. नर वयात आला की कळप सोडतो, पण तोही इतर नरांच्या आसपास राहतोच. एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडं आपल्या कानांना ऐकू न येणारा, खूप खालच्या पट्टीतला आवाज आहे, तो काही किलोमीटर पोचतो. एखादी घाबरली की दुसरी येऊन तिच्या तोंडात सोंड घालते. हे मी मुलांना करून दाखवलं, हाताची सोंड करून. हसून हसून लोळली. पण दुसऱ्या दिवशी एक मुलगी रडत होती तर तिच्या मैत्रिणीनं गंभीर चेहऱ्यानं तिच्या गालाला सोंड लावली. तोंडात घालायच्या आत मी थांबवलं, सर्दीचे दिवस होते.

तर हत्ती एकटा ठेवण्याची पद्धत आली कुठून? या डब्यातूनच कळतं. संग्रह करायचा, प्रत्येक जातीचा नमुना हवा, आणि हत्ती मोठा, महाग, खादाड, मग एक पुरे. दुसरं कारण म्हणजे भेट. हत्ती भेट द्यायची आपली जुनी हौस. युद्धाच्या काळात, १९४३ साली, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले तीन हत्ती उपाशी ठेवून मारले गेले. युद्ध संपल्यावर तिथल्या मुलांनी हत्ती मागितला आणि १९४९ साली पंडित नेहरूंनी ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठवली. त्याच सुमारास थायलंडहून हानाको नावाचं पिल्लू आलं. काही वर्षं दोघी एका ठिकाणी होत्या. १९५४ मध्ये हानाकोला टोकियोतल्याच इनोकाशिरा बागेत हलवलं आणि २०१६ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, ती तिथंच गेली. आयुष्याचा बराचसा काळ सिमेंटच्या आवारात, एकटीनं. आणि लोकांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. पिढ्यान् पिढ्या मुलं तिला बघायला येत होती.

आपल्या दिल्लीतला शंकर तर परवापरवाचा. १९९८ साली झिंबाब्वेनं भेट दिलेला आफ्रिकी हत्ती, माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्यावरून नाव ठेवलेलं. सोबत बोंबाई नावाची जोडीदारीण आली होती, ती काही वर्षांत गेली. नंतर सुमारे दोन दशकं हा एकटा. तिथं आशियाई हत्ती होते, पण यांचं-त्यांचं जमलं नाही. न्यायालयात याचिका झाली, आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं दिल्लीचं सभासदत्व स्थगित केलं. सोबतीण आणण्याच्या गोष्टी चाललेल्या असतानाच सप्टेंबर २०२५ मध्ये शंकर गेला. वय अवघं २९. हत्तीच्या हिशेबानं भर तारुण्य.

याच्या उलट गोष्ट पाकिस्तानातली आहे, आणि तिथल्या न्यायालयाला त्याचं श्रेय द्यायला हवं. कावन नावाचा हत्ती १९८५ साली श्रीलंकेतून पिल्लू म्हणून इस्लामाबादला भेट आला. त्याची सोबतीण सहेली २०१२ मध्ये मेली. मग आठ वर्षं तो भिंतीला डोकं लावून झुलत राहिला. मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयानं त्याला तिथून हलवायचा हुकूम दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर, करोनाच्या ऐन धामधुमीत, विमानानं कंबोडियाच्या अभयारण्यात पाठवला. तिथं कुंपणापलीकडून दुसऱ्या हत्तीनं सोंड पुढं केली आणि यानं आपली तिला लावली, तो फोटो जगभर छापून आला होता. मी तो फोटो काढून वर्गातल्या फळ्याशेजारी चिकटवलाय.

तो फोटो बघूनच आमच्या मावशींचं आणि माझं वाजलं. मावशी मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या. वर्गाची झाडलोट, दूध, मुलांची शू-शी सगळं त्या बघतात, आणि त्यांच्याशी वाद घालून अजून कुणी जिंकलेलं नाही. तिथल्याच नांदणी गावच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला, म्हणजे त्यांच्या माधुरीला, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या हुकमानं गुजरातेत जामनगरला वनतारा या खासगी प्राणी-बचाव केंद्रात नेलं. सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम कायम ठेवला. अख्खा जिल्हा पेटला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत माणसं पायी चालत गेली. मावशींची बहीण त्यात होती. माधुरी निघाली तेव्हाचा व्हिडिओ मावशींनी मला दाखवला आणि पुढचे दोन तास त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच नेली.

मी म्हटलं, “मावशी, तीस वर्षांहून जास्त काळ तिनं दुसरी हत्तीण जवळून पाहिली होती का?”

“एकटी कुठं व्हती वो ताई ती? अख्खं गाव व्हतं की तिच्यासंगं. सणाला तिला नारळ दिल्याबिगर आमी तोंडात घास घालत न्हवतो.”

याला मी उलट उत्तर दिलं नाही, कारण त्यात खोटं काही नाही. १९९२ पासून ती तिथं होती, लोकांनी तिला लेकीसारखं मानलं. पण न्यायालयापुढं तिच्या पायांचे आणि सांध्यांचे तपासणी अहवाल होते, ते प्रेमानं खोटे ठरत नाहीत. आणि गाव संध्याकाळी घरी जातं. हे मी मावशींना दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग हत्तीणच आणून द्यायची व्हती आनखी एक.” आता यात मात्र तथ्य आहे, निदान प्रश्न बरोबर आहे. फक्त ते एवढं सोपं नसतं. अनेक वर्षं एकट्यानं काढलेला हत्ती नव्याशी जमवून घेईलच असं नाही. मारामाऱ्या होतात, एखादा जिवानिशी जातो. शंकरच्या बाबतीत जमवाजमवीचा खटाटोप झालाच होता. म्हणून जाणकार मोकळ्या जागेत, सात-आठ हत्तींत नेऊन सोडावं म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी पटेल त्याच्याजवळ जाता येतं आणि न पटणाऱ्यापासून लांब. मावशींना हे पटलं नाही. पण आमच्या वर्गात दोन भांडखोर मुलांना एकाच चटईवर बसवायला गेले की त्याच मला अडवतात, हेही सांगून ठेवते.

कायदाकानू नाहीत असंही नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ सालीच सांगितलं, हत्ती प्राणिसंग्रहालयांतून आणि सर्कशींतून काढून अभयारण्यांत, छावण्यांत न्या. तेव्हा २६ प्राणिसंग्रहालयं आणि १६ सर्कशी मिळून १४० हत्ती होते. २०१० मध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राण्याचा मान दिला. मान मिळाला. साखळी आहे तिथंच आहे, निदान बऱ्याच ठिकाणी.

बरं, खेळसंचाकडं येते. दिवाळीआधी दादरला कोकणच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा गाळा होता. हत्ती होते, बिनसुळ्यांचे, गुळगुळीत, पोट सुटलेले. मी तीन मोठे आणि एक लहान उचलले. गाळेवाला म्हणाला, “ताई, खरे व्हये तर घेवन जावा. आमच्या दोडामार्गात केळीच्या बागेत रोज येतत.” तो हसत म्हणाला, पण मागं उभा असलेला त्याचा भाऊ हसला नाही. तिलारीच्या खोऱ्यात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात, माड, केळी, भात, काही ठेवत नाहीत. मुंबईत बसून हत्तीचा कळवळा येणं सोपं, हे त्या भावाच्या तोंडाकडं बघून कळत होतं. तरी मी हत्ती घेतले. किंमत मिळून संचाच्या निम्म्याहून कमी, रंग मात्र जरा जपावा लागतो, ओल्या फडक्यानं पुसू नका.

हे चार आल्यावर वर्गातला खेळ बदलला. ओढाओढी थांबली नाही, मुलं ती, पण हत्तींचा खेळ आता तिघं-चौघं मिळून खेळतात. सर्वांत मोठ्या हत्तिणीला त्यांनीच आजी केलं, मी सांगितलेलं नव्हतं. आजी पाणी शोधायला जाते, बाकीच्या मागून. वाटेत रखवालदाराच्या जीपला आडवं केलं जातं. संचातल्या सुळेवाल्या झूलवाल्या बाबाजीला मात्र कळपात घ्यायचं की नाही यावर अजून एकमत झालेलं नाही. एक पोरगी म्हणते तो पाहुणा आहे, जेवून जाईल. हत्तीशास्त्राच्या दृष्टीनं तिचं अगदी बरोबर आहे.

पाटावरच्या राखाडी खाचेत आता मगर राहते.

दरवर्षी मुलांना राणीच्या बागेत नेते, यंदाही नेलं. बुधवारी बंद असते, शाळांनी लक्षात ठेवावं. तिकीट मोठ्यांना ५०, मुलांना २५. पेंग्विनच्या काचेपुढं गर्दी असते, पण माझ्या मते बागेतलं खरं धन म्हणजे झाडं, दीडशे वर्षांहून जुनी बाग आहे. आणि मी मुलांना आवर्जून दाखवते तो हत्ती जिवंत नाही, दगडाचा आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. हा घारापुरीचा. बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी विलायतेला न्यायला म्हणून उचलायचा प्रयत्न केला, क्रेनची साखळी तुटली आणि हा फुटला. तुकडे इथं आणले, नंतर जोडून उभा केला. सांधे अजून दिसतात. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की याच्या पाठीवर एक लहान प्राणी कोरलेला होता. कुणी म्हणतं पिल्लू, कुणी म्हणतं वाघ. मुलांनी तिथंच मतदान घेतलं. पिल्लू प्रचंड बहुमतानं निवडून आलं. मावशींचं मत वाघाला.

राहिला कंपनीच्या सेवेचा भाग. चित्रात तीन आणि आत एक का, असं विचारलं तर पहिलं उत्तर आलं, “चित्र केवळ प्रातिनिधिक आहे.” मी पुन्हा लिहिलं, जरा सविस्तर, शंकर-कावनसकट. तिकडं बसलेल्या मुलीचा फोन आला. बिचारी फार अदबीनं बोलत होती. म्हणाली, “मॅडम, आम्ही तुम्हाला एक हत्ती मोफत पाठवतो.” आणि आठवड्याच्या आत पाठवला, बबल रॅपमध्ये गुंडाळून. तोच साचा. तेच सुळे, तीच झूल, पायाला तेच भोक. मी म्हटलं, हत्तीण आणि पिल्लू द्या, पैसे देते. तर म्हणाली मादीचा साचाच नाही, पण सूचना वर कळवते. कळवली असेल तर पुढच्या उत्पादनात दिसेल, लक्ष ठेवून आहे. कान चिकटवलेला आणि बिनचिकटवलेला असे दोन सुळेवाले सध्या मंडळाच्या कपाटावर आहेत, कारण एकत्र खेळायला दिले की मुलं त्यांची टक्करच लावतात.

तर गुण. लाकूड, रंग, घडण यांना पाचपैकी पाच. सेवेला चार, फोनवरच्या मुलीमुळं. संच म्हणून तीन, आणि कापलेले दोन्ही हत्तीचे आहेत. पेंग्विन, माकडं, वाघ यांच्यासाठी जरूर घ्या. कुणी बनवणारा हे वाचत असेल तर माझी मागणी अवघड नाही. हत्ती द्यायचे तर चार द्या, मोठी एक, मध्यम दोन, पिल्लू एक, सगळे बिनखुंटीचे, आणि जागा पाटाच्या मधोमध काढा. किंमत वाढली तर वाढू दे. तेवढं परवडत नसेल तर हत्ती ठेवूच नका, त्याच्या जागी आणखी एक माकड घाला, मुलांना चालतं.

घेतलात तर खुंटी आधी काढून टाका, पालथ्या पडलेल्या मुलाच्या डोळ्याला लागू शकते. घरी हिसका देऊन काढायला जाऊ नका, पाट चिरतो. आमच्या गल्लीतल्या सुतारानं बारीक करवतीनं कापून वर पॉलिश पेपर मारून दिला, पन्नास रुपये घेतले.